चाकावरचे थर : जवस, लाख आणि कापूस

जुन्या मोटारीचे लाकडी स्टेअरिंग पुन्हा चकाकवायचे ठरले, की पहिला हात जातो तो काचपेपरकडे. तासाभरात कड्याचे लाकूड उघडे पडते, त्याचे रेषे दिसू लागतात आणि खाली अंथरलेल्या वर्तमानपत्रावर तांबूस-पिवळ्या भुकटीचा लहानसा ढीग साचतो. कागद झटकला जातो, ढीग नाहीसा होतो. इतिहासाच्या अभ्यासकाला हळहळ वाटावी असा क्षण हाच आहे. त्या भुकटीत शंभर वर्षांची शेती, व्यापार आणि रसायनशास्त्र मिसळलेले असते. तिचा माग काढत गेले तर एक वाट जळगाव जिल्ह्यातील धरणगावाच्या पेठेतून जाते.

धरणगाव म्हटले की मराठी वाचकाला बालकवी आठवतात. १८९० साली त्यांचा जन्म येथेच झाला. गावाची त्याहून जुनी ओळख मात्र बाजारपेठेची आहे. सुरतेहून बऱ्हाणपूरला जाणारा मोगलकालीन व्यापारी मार्ग तापीच्या खोऱ्यातून जाई. १६१५ साली जहांगिराच्या भेटीला निघालेला इंग्रज वकील सर टॉमस रो याच खोऱ्यातून थाळनेर, चोपडा असे मुक्काम करत बऱ्हाणपूरला पोहोचला. चोपड्याच्या समोर, तापीच्या दक्षिणेला धरणगाव. १६७४ साली ईस्ट इंडिया कंपनीने येथे वखार उघडली. दुसऱ्याच वर्षी शिवाजी महाराजांच्या फौजेने ही पेठ लुटली आणि १६७९ साली पुन्हा लुटली. मोगलांच्या खानदेश सुभ्यातील एका गावावर चार-पाच वर्षांत दोनदा स्वारी व्हावी, यातच तिथल्या संपत्तीची साक्ष आहे. जाडेभरडे कापड आणि हातकागद यांसाठी हे गाव ओळखले जाई. कागदाचा व्यवसाय एकोणिसाव्या शतकात जवळजवळ संपला. कापूस आणि गळिताची धान्ये यांचा व्यापार मात्र वाढत गेला.

त्या गळिताच्या धान्यांकडे वळण्यापूर्वी चाकाची थोडी ओळख करून घ्यावी लागेल.

अगदी आरंभीच्या मोटारींना चाकासारखे सुकाणू नव्हते. नावेच्या सुकाणूला असतो तसा एक दांडा असे आणि चालक तो डावीउजवीकडे ढकलत असे. १८९४ साली पॅरिस ते रुआँ या शर्यतीत आल्फ्रेड व्हाशरों याने आपल्या पानार मोटारीला दांड्याऐवजी चाक बसवले. वेग वाढू लागल्यावर दांड्याचा धोका सर्वांच्याच लक्षात आला आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत चाकच सर्वत्र रूढ झाले. त्याचे आरे पितळेचे, लोखंडाचे किंवा ॲल्युमिनियमचे असत. कडे मात्र लाकडी. कारण साधे होते. धातू उन्हात तापतो, थंडीत गारठतो आणि घामाने निसरडा होतो. लाकूड हाताला मानवते. शिवाय मोटारी बांधणारे कारागीर बहुतेक बग्ग्या आणि गाड्या बांधणाऱ्या पेढ्यांतूनच आले होते. लाकूड हे त्यांच्या हातातले माध्यम.

कड्याची बांधणी पाहिली तर खानदेशातल्या कोणत्याही सुताराला ती ओळखीची वाटेल. बैलगाडीचे चाक एकाच लाकडातून कोरता येत नाही. मध्ये तुंबा, त्यातून निघालेले आरे, आऱ्यांच्या टोकांवर बसवलेले बाभळीच्या लाकडाचे वक्र पुठे आणि या सर्वांना आवळून धरणारी लोखंडी धाव, अशी त्याची रचना असते. मोटारीच्या स्टेअरिंगचे कडेही असेच तुकड्यातुकड्यांचे असते. वक्र तुकडे हाताची बोटे एकमेकांत गुंतवावीत तसे खाचांनी जोडलेले आणि सरसाने चिकटवलेले. धाव मात्र येथे नाही. सांध्यांना आवळून धरायला चिकटवणे आणि वरचा पातळ थर एवढाच आधार. लाकूड ओलाव्याने फुगते आणि कोरडेपणाने आकसते, तेही रेषांच्या आडव्या दिशेने अधिक. प्रत्येक सांध्यावर रेषांची दिशा बदलते, म्हणून पहिली भेग तिथेच पडते. जळगावच्या मे महिन्यात, जेव्हा पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास घुटमळतो, तेव्हा उघड्यावर उभ्या असलेल्या मोटारीत काय होत असेल याची कल्पना करता येईल. वरचा थर हा शोभेसाठी असतो हा समज येथेच टिकत नाही. चाकाला एकसंध ठेवण्यात त्याचा वाटा मोठा असतो.

हा थर कशाचा?

पहिल्या पिढीच्या मोटारींवर तो बहुधा जवसाच्या तेलाचा. जवस किंवा अळशी, गाव बदलले की नाव बदलते. शेंगदाण्याचे तेल लाकडाला लावले तर ते वर्षभर तेलकटच राहील. जवसाचे तेल मात्र हवेतला प्राणवायू शोषून घेते, त्याचे रेणू एकमेकांना जखडतात आणि काही दिवसांत त्याचा पातळ, चिवट पापुद्रा बनतो. तेल तापवून त्यात थोडे धातूंचे क्षार मिसळले की ही क्रिया लवकर होते. रंगारी ज्याला बेलतेल म्हणतात ते हेच. त्यात कोपलसारखी कठीण राळ शिजवून टर्पेंटाइनने पातळ केली की गाडीवाल्यांचे व्हार्निश तयार होई. उत्तम कोपल झांझिबारकडून येई आणि त्याचा मोठा बाजार मुंबईत भरे.

जवसाचा बाजारही मुंबईतच भरत असे. १८६०च्या दशकात रेल्वे खानदेशात आली, १८६९ साली सुएझचा कालवा खुला झाला आणि मध्य भारत, वऱ्हाड, खानदेश येथील जवस मुंबई बंदरातून युरोपात जाऊ लागले. तिकडे त्याला मागणी अफाट होती. घरांचे रंग, छापखान्याची शाई, मेणकापड आणि १८६०च्या दशकात निघालेले लिनोलियम, सगळ्यांच्या मुळाशी हेच तेल. धरणगावचे व्यापारी कापूस आणि गळिताची धान्ये जळगावच्या बाजाराशी जोडत होते तो हाच काळ. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर सुरत-भुसावळ हा तापी खोऱ्यातला लोहमार्ग गावावरून गेला आणि ही जोडणी आणखी घट्ट झाली. लंडन किंवा कॉव्हेंट्री येथे एखाद्या चाकावर चढलेल्या व्हार्निशमध्ये नेमके कोणत्या शिवारातले जवस होते हे शोधणे व्यर्थ आहे. कोठारांत आणि जहाजांत सगळा माल एकत्र होई. पण त्या काळी ब्रिटनला जवस पुरवणाऱ्या मोजक्या प्रदेशांत भारताचा क्रमांक वरचा होता, आणि त्या पुरवठ्यात तापीच्या खोऱ्याचा वाटा होता, एवढे म्हणायला हरकत नाही. कच्चे बी येथून जावे आणि त्याचेच व्हार्निश डब्यांत भरून, विलायती छाप मिरवत, मुंबईच्या बग्गीवाल्यांकडे परत यावे, हा वसाहतीच्या अर्थकारणाचा नेहमीचा फेरा येथेही दिसतो. दादाभाई नौरोजींनी ज्या संपत्तीच्या वहनाचा हिशेब मांडला त्याचे एक अतिशय छोटे उदाहरण मोटारीच्या स्टेअरिंगवर सुकून बसले आहे.

दुसरा पदार्थ लाख. तिची कथा अधिक विलक्षण आहे.

पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर एक सूक्ष्म कीटक हजारोंच्या संख्येने वस्ती करतो, रस शोषतो आणि स्वतःभोवती राळेचे कवच उभारतो. ते कवच खरवडून, धुऊन, वितळवून, पातळ पत्र्यासारखे ताणले की होते चपडी. महाभारतातल्या लाक्षागृहापासून सोनाराच्या दागिन्यांतल्या भरणापर्यंत आणि बांगड्यांपासून दस्तऐवजांवरच्या मोहरांपर्यंत लाखेचा वापर या देशात अखंड चालत आला आहे. सतराव्या शतकात सुरतेचे इंग्रज वखारवाले जो माल विलायतेला पाठवत त्यात लाखही असे. तेव्हा तिचे मोल राळेपेक्षा तिच्यातून निघणाऱ्या तांबड्या रंगासाठी अधिक होते. १८५६ साली कोळशाच्या डांबरापासून पहिला कृत्रिम रंग बनला आणि पुढच्या काही दशकांत लाखेच्या रंगाची बाजारपेठ कोसळली. राळ मात्र तरली. ती स्पिरिटात विरघळते, झटकन सुकते आणि लाकडावर आरशासारखी झळाळी आणते. फर्निचरचे कारागीर ज्याला स्पिरिट पॉलिश किंवा फ्रेंच पॉलिश म्हणतात ते म्हणजे चपडीचे द्रावण, कापसाच्या बोळ्यावर मऊ सुती कापड गुंडाळून, गोल गोल फिरवत, शेकडो वेळा अंगात मुरवलेले. विजेच्या यंत्रांतले विद्युतरोधन आणि ग्रामोफोनच्या तबकड्या यांनीही लाखेला नवे आयुष्य दिले. बालगंधर्वांचा आवाज महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचला तो लाखेच्या तबकड्यांवरूनच. १९२४ साली रांचीजवळ नामकुम येथे लाख संशोधन संस्था उभी राहिली, यावरून या मालाचे तेव्हाचे महत्त्व लक्षात यावे.

स्टेअरिंगवर नुसती चपडी मात्र क्वचितच टिकते. ती उष्णतेने मऊ पडते, पाण्याने पांढुरकी होते. चहाचा गरम कप ठेवलेल्या जुन्या टेबलावरचे पांढरे वर्तुळ सगळ्यांनी पाहिलेले असते. बंद मोटारीतली उन्हाळ्याची धग आणि तळहाताचा घाम हे तिचे दोन शत्रू. म्हणून जाणते कारागीर लाख तळाशी वापरत. लाकडाची छिद्रे तिने बुजवायची, आणि वर व्हार्निशचे हात द्यायचे. एकाच चाकावर लाख आणि जवस एकमेकांवर सापडतात ते यामुळे.

आणि तिसरा पदार्थ कापूस, म्हणजे खानदेशचा जीव की प्राण. येथे मात्र तो ओळखू येणार नाही इतक्या बदललेल्या रूपात भेटतो. १८४६ साली बाझेलच्या शॉनबाइन या रसायनशास्त्रज्ञाने कापसावर नायट्रिक आणि गंधकाम्लाची क्रिया घडवून भडकन जळणारा स्फोटक कापूस तयार केला. त्याच पदार्थाचे सौम्य रूप कापरात कालवून १८७०च्या सुमारास सेल्युलॉइड निघाले: चित्रपटाच्या फिती, कंगवे, आणि काही वर्षांनी स्टेअरिंगची कडीसुद्धा. पहिल्या महायुद्धात स्फोटकांचे कारखाने अवाढव्य वाढले. युद्ध संपले तेव्हा ते रिकामे पडले. त्या रिकाम्या क्षमतेला काम हवे होते, आणि अमेरिकेतील ड्यूपाँट कंपनीने १९२३ साली बाजारात आणलेला ‘ड्युको’ हा रंग त्या शोधातून आलेला आहे. सरकी पिंजल्यावर बियांना चिकटून राहणाऱ्या आखूड तंतूंपासून बनलेला हा रंग. जवसाच्या व्हार्निशचे पुष्कळ हात देऊन एक मोटार सुकायला कित्येक आठवडे लागत. ड्युकोने ते काम दिवसांवर आणले. वेगवेगळ्या रंगांच्या मोटारी रस्त्यावर दिसू लागल्या त्यामागे हे रसायन आहे. आजही आपल्याकडचे फर्निचरवाले गुळगुळीत फवाऱ्याच्या रंगाला सरसकट ‘ड्युको’ म्हणतात. कंपनीचा मूळ माल केव्हाच विस्मरणात गेला, नाव सुतारकामात उरले.

ड्युकोसाठीचा कापूस मुख्यतः अमेरिकेच्या दक्षिणेकडचा होता, धरणगावचा नव्हे. पण धरणगाव या गोष्टीच्या बाहेरही नाही. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात तिकडचा कापूस थांबला आणि खानदेशातल्या कापसाला न भूतो असा भाव आला. शेतकरी, सावकार, दलाल सगळेच त्या लाटेवर चढले आणि युद्ध संपताच कोसळले. पुढे रंगाच्या उद्योगाने जवसाकडून कापसाकडे मोहरा वळवला, तेव्हा एका पिकाच्या मागणीचा आधार खचला आणि दुसऱ्या पिकाचा एक नवा उपयोग पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूला सुरू झाला. आज खानदेशात जवस हे दुय्यम पीक आहे. चटणीत ते भेटते, गोदामात फारसे नाही. तेलाचा व्यवसाय मात्र या भागाच्या अंगात मुरलेला राहिला. धरणगावच्या शेजारच्या अमळनेरला १९४५ साली वनस्पती तुपासाठी निघालेली वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी पुढे विप्रो या नावाने जगाला ठाऊक झाली.

दरम्यान लाकडी कडे स्वतःच मागे पडत होते. फोर्ड कंपनीने गव्हाचे काड, रबर आणि गंधक यांच्या मिश्रणातून ‘फोर्डाइट’ नावाचा पदार्थ बनवून त्याची स्टेअरिंग ओतायला सुरुवात केली. नंतर कठीण रबर, सेल्युलॉइड, बेकेलाइट आले. सांध्यांची कटकट संपली, सुताराचा संबंधही संपला. १९५०च्या दशकात इटलीच्या एन्रिको नार्दी याने लाकूड परत आणले, पण आता ते गरज म्हणून नव्हे. ॲल्युमिनियमच्या चकतीवर अक्रोड किंवा महोगनीचे कडे ही शर्यतीच्या मोटारींची ऐट झाली.

मुंबईत मोटार आली ती १८९८ च्या सुमारास. जमशेटजी टाटा हे तिच्या पहिल्या भारतीय मालकांपैकी एक. १९२८ साली जनरल मोटर्सने शिवडीला जुळणीचा कारखाना काढला, आणि स्वातंत्र्याच्या वर्षी वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची पहिली मोटार कुर्ल्यातून बाहेर पडली. नंतरच्या दशकांत परदेशी मोटारी आणि त्यांचे सुटे भाग आणण्यावर इतके निर्बंध होते की जुनी गाडी टिकवणे हीच एक कला झाली. फुटलेल्या स्टेअरिंगला पर्याय मागवता येत नसे. मग भेगेत लाकडाचा भुसा आणि सरस भरायचा, आणि वर त्या वेळी गावात जे मिळेल ते लावायचे. कधी बेलतेल, कधी चपडी, कधी मोटारीच्याच रंगाचा उरलेला डबा. अशा चाकाला विशुद्धतावादी संग्राहक ‘बिघडवलेले’ म्हणतात. हा शब्द अन्यायाचा आहे. टंचाईच्या काळातला भारत त्या भेगेत भरलेला असतो, आणि कारखान्यातून निघालेल्या कोऱ्या चाकापेक्षा ते चाक अधिक काही सांगते.

सांगते, पण वाचता आले पाहिजे. बहाळ आणि प्रकाशे या खानदेशातल्या स्थळांवर १९५०च्या दशकात उत्खनने झाली तेव्हा संशोधकांनी मातीचे थर जसे वेगळे केले, तसेच येथेही करता येते, आणि त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. चाकाच्या मागच्या बाजूला, नजरेत न येणाऱ्या जागी, कापसाच्या काडीने स्पिरिटचा एक थेंब लावावा. थर चिकट होऊन विरघळू लागला तर ती लाख. स्पिरिटने फारसे काही झाले नाही पण थिनरने पृष्ठभाग लगेच मऊ पडला, तर तो कापसापासून बनलेला लॅकर असण्याचा संभव मोठा. दोन्हींना दाद देत नसेल तर एक तर जुने, पक्के झालेले तेलाचे व्हार्निश किंवा अलीकडचे पीयू. यांत फरक डोळ्यांनी कळतो: जुने व्हार्निश पिवळसर तपकिरी होऊन मगरीच्या पाठीसारखे तडकते, पीयू काचेच्या आवरणासारखे दिसते आणि सुटलेच तर पापुद्र्याने सुटते. दुकानात नोटा तपासायला वापरतात तो जांभळा दिवा अंधारात चाकावर धरला तर लाख नारिंगी चमकते. कडे सेल्युलॉइडचे असेल तर घासल्यावर कापराचा वास येतो. अशा कड्याजवळ ठिणगी किंवा तापलेले हत्यार नेऊ नये. ते आपल्या स्फोटक पूर्वजाला विसरलेले नसते.

झिजेचेही वाचन करता येते. इंडिकेटरच्या दिव्यांपूर्वी चालक उजवा हात खिडकीबाहेर काढून वळण्याचा इशारा देत. चाक तेवढा वेळ डाव्या हाती. डावीकडचे कडे अधिक गुळगुळीत, अधिक काळपट झालेले असेल तर कारण शोधायला दूर जावे लागत नाही. आणि महाराष्ट्रातल्या मोटारीवर आणखी एक खूण हमखास सापडते: रेषांत शिरलेला पिवळा डाग. खंडेनवमी आणि दसऱ्याला वाहनाची पूजा होते, स्टेअरिंगला हळदकुंकू लागते, झेंडूचा हार पडतो. वर्षानुवर्षांची ती हळद व्हार्निशच्या भेगांतून लाकडात उतरते. स्पिरिटच्या फडक्याने ती पुसली जाते, काही मिनिटांत. पुसावी का, हा प्रश्न रसायनशास्त्राच्या कक्षेतला नाही.

येथे कायदा फारशी मदत करत नाही. १५ जुलै २०२१ रोजी केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने मोटार वाहन नियमांत व्हिंटेज वाहनांसाठी स्वतंत्र तरतूद केली. प्रथम नोंदणीला ५० वर्षांहून अधिक काळ लोटलेले, मूळ स्वरूपात राखलेले आणि ‘मोठा फेरबदल’ न झालेले दुचाकी वा चारचाकी वाहन व्हिंटेज ठरते. त्याच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात, आणि नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आहे. मोठा फेरबदल म्हणजे सांगाडा, बॉडी किंवा इंजिन यांतले बदल. स्टेअरिंगवरचा पापुद्रा त्यात येत नाही. जुन्या वाहनांच्या जागतिक महासंघाने गेल्या दशकाच्या प्रारंभी स्वीकारलेली तुरिन सनद याहून पुढे जाते. वास्तूंच्या जतनासाठी १९६४ साली व्हेनिसमध्ये ठरलेली तत्त्वे तिने मोटारींना लावली: शक्य तितके जतन, अगदी आवश्यक तेवढीच दुरुस्ती, आणि केलेल्या प्रत्येक कामाची नोंद. सनद बंधनकारक नाही. म्हणजे निर्णय शेवटी मालकाच्या आणि पॉलिशवाल्याच्या हातात, आणि बाजार त्यांना एकाच दिशेला ढकलतो. रॅलीत चकाकणाऱ्या गाडीकडे माणसे वळून पाहतात. काळवंडलेल्या स्टेअरिंगकडे कोणी पाहत नाही.

तरीही चाक हे संग्रहालयाच्या कपाटातले भांडे नव्हे. ते धरून गाडी वळवायची असते. सांधा उघडला असेल तर ते सुरक्षित नाही, आणि तिथे जतनाच्या नावाखाली हात आखडणे हा शुद्ध वेडेपणा ठरेल. प्रश्न उरतो तो सांधे पक्के असलेल्या, केवळ म्हातारे दिसणाऱ्या चाकांचा. त्यांना मुळापर्यंत घासून पीयूत बुडवणे हा सर्वांत सोपा आणि सर्वांत अपरिवर्तनीय मार्ग. पीयू टिकाऊ आहे यात वाद नाही. पण ते काढायचे तर पुन्हा घासावेच लागते, आणि दर घासणीत लाकूड थोडे थोडे कमी होते. लाखेचा गुण नेमका उलटा: पन्नास वर्षांनीही स्पिरिटने विरघळते, खालच्याला धक्का न लावता निघून जाते. जवसाचे व्हार्निश या दोहोंच्या मध्ये कुठेतरी. म्हणून मैल काढायला आधी टर्पेंटाइनचे ओलसर फडके, मग उघड्या पडलेल्या जागांपुरताच लाखेचा पातळ हात, आणि त्यावर तेलाच्या व्हार्निशचे दोन-तीन हात, प्रत्येकाला सुकायला पुरेसे दिवस देऊन, हा जुना क्रम आजही सर्वांत समंजस वाटतो. वेळखाऊ आहे, आणि पॉलिशवाल्याची मजुरी वाढवणारा आहे, हे मान्य. जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी मात्र कामानंतर गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. तेल सुकताना उष्णता सोडते, ढिगाऱ्यात ती कोंडते, आणि फडकी आपोआप पेटतात. ती पाण्यात बुडवावीत किंवा मोकळ्या हवेत एकेक पसरून वाळवावीत.

आणि ही मजुरी घेणारे हात हीदेखील काळजीची बाब आहे. बोळ्याने पॉलिश करणारे कारागीर कमी होत आहेत, कारण फवारा आणि मेलामाइन यांनी ते काम दिवसाभरावर आणले. सावंतवाडीच्या लाखकामाची आणि गंजिफांची कला अशीच विझत आली होती. शिवरामराजे भोसले आणि सत्वशीलादेवी यांनी उरल्यासुरल्या वृद्ध चिताऱ्यांकडून ती शिकून घेतली, राजवाड्यातच कारागिरांना बसवले, आणि म्हणून ती आजही पाहता येते. तिथे जुने पत्ते कपाटात जपले गेले, पण जपण्याची खरी गोष्ट पत्ता बनवणाऱ्याच्या मनगटात होती. लाकडी स्टेअरिंगच्या बाबतीत असा आश्रय देणारा राजवाडा नाही. आहेत ते जळगाव, धुळे, नाशिक अशा शहरांतले फर्निचरवाले, ज्यांच्यापैकी काहींना आजही चपडी किती स्पिरिटात किती तास भिजवायची हे वजनकाट्याशिवाय कळते.

उत्खनन करणारे खड्ड्याच्या कडेला मातीची एक भिंत न खोदता सोडतात, पुढच्या पिढीला पडताळा घेता यावा म्हणून. जतनतज्ज्ञही लाकडी वस्तूवर अशी एक पट्टी तशीच राखतात. स्टेअरिंगवर तिची जागा खालच्या आऱ्याच्या मागे, कड्याच्या आतल्या अंगाला. अंगठ्याच्या नखाएवढी जागा पुरते. तिला स्पिरिट लावायचे नाही, काचपेपर लावायचा नाही, तिच्यातली हळदही पुसायची नाही. काम कोणत्या महिन्यात झाले, कोणता थर कशाने काढला, वर काय चढवले, किती हात दिले, हे एका कागदावर लिहून तो मोटारीच्या नोंदणीपत्रासोबत ठेवायचा. कागद हातबनावटीचा मिळाला तर अधिक बरे. तो सहसा लवकर पिवळा पडत नाही.